ॲम्प न लावता गिटार रेकॉर्ड करायची आहे

प्रश्न: मी चार वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. दिवसभर नोकरी असते, त्यामुळे रात्री मुलगी झोपल्यावरच गिटार हातात येते. माझ्याकडे १५ वॅटचा छोटा ॲम्प आणि आवाज मुद्दाम फाटका करणारं एक ओव्हरड्राइव्ह पेडल आहे, पण त्या वेळी ॲम्प लावता येत नाही. स्वतःच्या चार-पाच चाली सुचल्यात, त्या नीट रेकॉर्ड करायच्या आहेत. म्हणून अडॅप्टर लावून गिटार थेट लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये जोडून पाहिली. नुसती गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी मंद येते आणि पेडल चालू केलं की डास भुणभुणल्यासारखा आवाज येतो. शिवाय तार छेडली की आवाज उशिरा ऐकू येतो. मित्र म्हणतो, ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं महागडं उपकरण, म्हणजे मॉडेलर, घेतल्याशिवाय हे जमायचं नाही आणि ॲम्पशिवाय केलेलं रेकॉर्डिंग खरं नसतंच. एवढे पैसे आत्ता नाहीत. थांबू का?
– रात्रीचा वादक

उत्तर: थांबू नका. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. मंदपणा जोडणीमुळे येतोय, भुणभुण स्पीकर नसल्यामुळे येतेय आणि उशीर लॅपटॉपमधल्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे आवाजाचं उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे होतोय. भुणभुण आजच्या आज फुकटात घालवता येईल. बाकी दोन्हींसाठी एकच वस्तू विकत घ्यावी लागेल आणि ती मॉडेलर नाही.

पण आधी मित्राच्या त्या दुसऱ्या वाक्याबद्दल. ॲम्पशिवायचं रेकॉर्डिंग खरं नसतं, हे ऐकून किती जणांनी आपल्या चाली मनातच ठेवल्या असतील याचं मला वाईट वाटतं. १९६०च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत गिटार आणि बेस थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये जोडून रेकॉर्ड होत असत. १९६८ साली बीटल्सनी 'रेव्होल्यूशन'च्या सिंगलसाठी गिटार थेट कन्सोलला जोडली आणि त्यातल्या प्रीॲम्पवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या भागावर, मुद्दाम इतका भार टाकला की आवाज फाटला. ती फाटलेली गिटार आजही लोक मोठ्या आवाजात ऐकतात. वाजवणारा हात खरा असला की रेकॉर्डिंग खरंच असतं.

आता मंदपणाचं कारण. तुमच्या गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून येणारा सिग्नल अशक्त असतो, त्याच्यावर भार पडला की तो दबतो. पुढचं उपकरण किती भार टाकणार हे त्याच्या इनपुट इम्पीडन्सवरून ठरतं: तो जितका जास्त, तितका भार कमी. गिटार ॲम्पचं इनपुट साधारण १० लाख ओहमचं, म्हणजे १ मेगाओहमचं असतं, त्यामुळे पिकअपला मोकळा श्वास घेता येतो. लॅपटॉपच्या माइक जॅकचा इम्पीडन्स काही हजार ओहमच असतो. पिकअप आणि केबल मिळून साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एक उठाव तयार होतो, गिटारची सगळी चमक तिथेच असते, आणि माइक जॅकच्या भाराखाली हा उठावच सपाट होतो. ही तुमची गोधडी. नंतर ट्रेबल कितीही वाढवला तरी ती पूर्ण निघत नाही, कारण ट्रेबलबरोबर खरखरही तेवढीच वाढते.

पेडल चालू केल्यावर मंदपणा गेला, हे तुम्ही नकळत लिहून गेलात, आणि निदान तिथेच झालं. ओव्हरड्राइव्ह पेडलचं इनपुट गिटारला साजेसं असतं आणि त्याचं आउटपुट पुढचा भार सहज पेलतं. म्हणजे पेडलने जोडणी सुधारली, आणि मग दुसरा दोष उघडा पडला.

हा दुसरा दोष थेट रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जास्त फसवतो, म्हणून इथे थोडा थांबतो. आपण ज्याला 'इलेक्ट्रिक गिटारचा आवाज' म्हणतो त्यात ॲम्पच्या सर्किटइतकाच वाटा स्पीकरचा असतो. गिटारचा १२ इंची स्पीकर गाणी ऐकायच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज फाटताना, मात्र त्याच्याही वर कितीतरी कर्कश हार्मोनिक्स (मूळ सुराच्या वरचे उपसूर) तयार होत असतात. स्पीकर ते गाळून टाकतो, मधले सूर पुढे आणतो, आणि लाकडी कॅबिनेट त्यात आपला रंग मिसळतं. तुम्ही पेडलचा सिग्नल थेट लॅपटॉपमध्ये घातलात म्हणजे गाळणीच काढून टाकलीत. डासांची भुणभुण म्हणजे ते न गाळलेले हार्मोनिक्स.

ही गाळणी फुकट मिळते. तिला इम्पल्स रिस्पॉन्स, किंवा वाजवणाऱ्यांच्या भाषेत आयआर म्हणतात. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून त्या स्पीकरचा आणि माइकचा स्वभाव टिपलेली ही छोटीशी वेव्ह फाइल असते. आयआर लोडर नावाच्या प्लगइनमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये, ती उघडायची आणि गिटारच्या ट्रॅकवर लावायची. इग्नाइट ॲम्प्सचं नॅडआयआर हे असंच एक मोफत लोडर आहे. पेडल लावून केलेली ती भुणभुणणारी रेकॉर्डिंग पुसून टाकली नसतील तर आज रात्री त्यांच्यावर १२ इंची स्पीकरची एखादी आयआर लावून ऐका. एका क्लिकमध्ये डास जाऊन गिटार समोर येईल. हा बदल मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हेडफोन काढून पुन्हा घातला होता, कारण आवाज त्याच फाइलचा आहे यावर विश्वास बसेना.

म्हणून माझं मत ठाम आहे: पैसे थोडे असतील तर ते आवाजाच्या नकलेवर घालू नका, आत जाणाऱ्या दारावर घाला. हे दार म्हणजे ऑडिओ इंटरफेस, गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारी छोटी पेटी. सर्वांत साध्या मॉडेलमध्ये एक माइक इनपुट, एक गिटार इनपुट, एक हेडफोन जॅक आणि यूएसबी केबल एवढंच असतं आणि तुम्हाला तेवढंच लागतं. घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. गिटारच्या इनपुटशेजारी 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' असं लिहिलेलं, तशी खूण असलेली किंवा तसं बटण असलेलं हवं. फोकसराइट स्कार्लेट सोलो आणि बेरिंजरच्या यूएम२ या दोन्हींत गिटारचं असं इनपुट आहे. जुना, वापरलेला इंटरफेसही उत्तम चालतो. मात्र पैसे देण्याआधी तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर अजून मिळतो का, हे कंपनीच्या वेबसाइटवर पाहून घ्या. घरी आणल्यावर लोक हमखास विसरतात ते म्हणजे ते 'इन्स्ट'चं बटण दाबायचं. ते लाइनवरच (आधीच ताकदवान असलेल्या सिग्नलच्या सेटिंगवर) राहिलं तर गोधडी पुन्हा परत येते.

त्याहून स्वस्त वाटा आहेत, पण त्यांच्या मर्यादा कळल्या तरच त्या स्वस्त. एका टोकाला गिटारचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली केबल मिळते. तिच्यातून गिटार आत जाते, पण हेडफोनसाठी बाहेर पडायला तिच्यात काहीच नसतं. मग ऐकायला पुन्हा लॅपटॉपचा जॅक वापरावा लागतो, दोन वेगळी उपकरणं एकत्र चालवावी लागतात आणि उशीर वाढतो. कल्पना टिपून ठेवायला ती ठीक आहे. फोनच्या हेडफोन जॅकमध्ये जाणारे ॲनालॉग अडॅप्टर मी सुचवणार नाही. त्या एकाच जॅकमधून आवाज आतही जातो आणि बाहेरही येतो, त्यामुळे बाहेर जाणारा आवाज थोडा आत झिरपतो आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की शिट्टी वाजायला लागते. ओळखीत कोणाकडे मल्टी-इफेक्ट्स पेडल पडून असेल तर त्याचं मॅन्युअल उघडून पाहा. अनेक पेडल यूएसबीवरून थेट रेकॉर्डिंग करतात आणि त्यांच्यात कॅबिनेटचा आवाजही असतो. पण काहींचं यूएसबी फक्त सॉफ्टवेअर अपडेटसाठी असतं, म्हणून 'ऑडिओ इंटरफेस' हे शब्द मॅन्युअलमध्ये सापडले तरच भरवसा ठेवा.

तुमच्या १५ वॅटच्या ॲम्पला हेडफोन किंवा लाइन आउट असेल तर तेही इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडता येतं, आवाज शून्यापासून हळूहळू वाढवत. पण एक गोष्ट कधीही करू नका: ॲम्पचं स्पीकर आउटपुट इंटरफेसला जोडू नका. तिथून येणारी शक्ती स्पीकर हलवण्यासाठी असते, ती इंटरफेस जाळू शकते. व्हॅल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर स्पीकर काढून तो वाजवल्याने ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. हे नुकसान महागात पडतं.

आता उशीर, म्हणजे लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादल्या भरून घेतो. बादलीचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. आत एक बादली, बाहेर एक बादली आणि वर यूएसबी व रूपांतराचा वेळ धरला तर एकूण ८ ते १० मिलिसेकंद होतात. हे फार वाटतं का? हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवताना तुम्ही जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिराच ऐकत असता आणि तुमच्या हातांना त्याचा पत्ताही नसतो. हा उशीर २० च्या पुढे गेला की मात्र ताल हातातून निसटू लागतो.

विंडोजवर यासाठी इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर टाका आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर एएसआयओफॉरऑल या मोफत ड्रायव्हरने वेळ मारून नेता येते. मॅकवर वेगळं काही टाकावं लागत नाही. वाजवताना बफर १२८ ठेवा, तडतड होऊ लागली तर २५६ करा. नंतर मिक्सिंगच्या वेळी १०२४ केलात तरी हरकत नाही. आणि हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये एकट्याचाच उशीर साधारण १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो, त्याच्यापुढे कोणताही ड्रायव्हर हतबल आहे.

इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचं एक बटण किंवा चकती असते. तिने गिटारचा कोरा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये येतो. प्लगइनमधल्या ॲम्पचा आवाज ऐकत वाजवायचं असेल तर ते बंद ठेवा. चालू राहिलं तर कोरा आणि ॲम्पचा असे दोन आवाज एकमेकांवर पडतात, टोन पातळ आणि विचित्र लागतो, आणि माणूस प्लगइनला दोष देत बसतो. मी सुरुवातीचे कित्येक आठवडे हेच केलं आणि चांगली प्लगइन एकामागून एक काढून टाकली. तुमचे ते आठवडे वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

सॉफ्टवेअरला फार शब्द लागणार नाहीत. मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत आहे आणि त्यातच ॲम्प आहेत. इतरांनी रीपर घ्यावं. ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून पाहता येतं आणि नंतरचा वैयक्तिक परवानाही आवाक्यातला आहे. लिनक्सवर अर्डर आणि गिटारिक्स ही जोडी आहे. ऑडॅसिटी आवाज कापायला-जोडायला छान, पण प्लगइनमधून स्वतःला ऐकत वाजवण्यासाठी ते बनलेलं नाही.

ॲम्पसाठी आज मोफत मिळणाऱ्या गोष्टींमध्ये माझा कौल न्यूरल ॲम्प मॉडेलरला. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. खऱ्या ॲम्पमधून एक ठरावीक सिग्नल पाठवून, आत गेलेला आणि बाहेर आलेला आवाज यांतलं नातं ते शिकतं, आणि लोकांनी आपापल्या ॲम्पची अशी हजारो प्रोफाइल मोफत ठेवली आहेत. फक्त प्रोफाइलचं वर्णन वाचा. काहींत नुसतं ॲम्प असतं, त्यांना पुढे आयआर लावावीच लागते. काहींत कॅबिनेटसकट सगळं टिपलेलं असतं, त्यांच्यावर पुन्हा आयआर लावली की गाळणीवर गाळणी होऊन आवाज चोंदतो. यातलं काहीच नको, सगळं एका डब्यात तयार हवं असेल तर गिटार रिगची मोफत प्लेयर आवृत्ती घ्या.

इंटरफेसचा गेन लावताना सर्वांत जोरात जे वाजवणार आहात ते वाजवून पाहा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर आवाजाचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास आलं की पुरे. इंटरफेसमध्ये सोय असेल तर २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा, मग पातळी थोडी कमी राहिली तरी खरखरीची चिंता नसते. उलट लाल दिवा लागलेला टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) फुकट जातो, कारण हा फाटका आवाज ॲम्पच्या फाटक्या आवाजासारखा गोड नसतो आणि तो नंतर काढताही येत नाही.

घूं असा आवाज मागे येत असेल तर गिटार हातात धरून खुर्चीत बसल्या बसल्या हळूहळू वळून पाहा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप खोलीतली विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण अँटेनासारखी पकडतो आणि एखाद्या दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते. स्क्रीन आणि चार्जरपासून हातभर लांब बसा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे, गिटारचा नाही. तेवढा टेक बॅटरीवरच घ्या. अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

आता टोन. हेडफोनमध्ये एकटं वाजवताना सगळेच गेन जास्त ठेवतात, कारण त्याने गिटार भरलेली वाटते. रेकॉर्ड करताना तुमच्या आवडीपेक्षा गेन एक-तृतीयांश कमी करा. भरीवपणा हवा असेल तर तोच भाग दोनदा वाजवून दोन ट्रॅक करा, एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकाच टेकची नक्कल करून दुसरीकडे ठेवली तर काही साधत नाही, तो मधोमध एकच आवाज राहतो. दोन वेळा वाजवताना हाताच्या ज्या बारीक चुका होतात, त्यांनीच ती रुंदी येते. मग ८० हर्ट्झच्या खालचं कापा, वरून ८ ते १० किलोहर्ट्झच्या पुढचं कापा, आणि शेवटी खोलीचा भास देणारा छोटा रिव्हर्ब थोडासा लावा. थेट रेकॉर्ड केलेल्या गिटारला भोवतीची हवा नसते, कोरडेपणा वाटतो तो त्यामुळे. तुमचं पेडलही अडगळीत टाकू नका. गिटार आणि इंटरफेसच्या मध्ये ते लावा, ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल बरीच वर. पुढच्या प्लगइन ॲम्पला ते छान धक्का देतं. पण पेडलमधून आलेला आवाज फाइलमध्ये कायमचा बसतो, तेव्हा पहिले काही दिवस त्याच्याशिवायच रेकॉर्ड करा.

कारण थेट रेकॉर्डिंगचं खरं वैभव त्या कोऱ्या ट्रॅकमध्ये आहे. प्लगइनमधून तुम्ही ऐकता तो ॲम्पचा आवाज, पण फाइलमध्ये साठते ती नुसती गिटार. रात्री अकराला सुचलेली चाल आज एका ॲम्पमधून ऐका, सहा महिन्यांनी दुसऱ्यातून. पुढे कधी स्टुडिओत गेलात तर तीच फाइल री-ॲम्प बॉक्समधून खऱ्या ॲम्पला पाठवून समोर माइक लावता येईल, आणि वाजवणं मात्र या रात्रीचंच राहील. म्हणून खर्च करायचाच असेल तर इंटरफेसनंतर नव्या तारांवर करा. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा, कारण टोन नंतर बदलता येतो, बेसूर कॉर्ड बदलता येत नाही.

मुलगी झोपलेल्या खोलीपासून थोडं लांब बसा. प्लेक्ट्रमची टकटक आपल्याला हेडफोनमुळे जाणवत नाही, बाहेर ती चांगली ऐकू येते. पहिल्या रात्री पाचही चाली घेऊ नका. सर्वांत लहान एकच घ्या, क्लिक (ताल धरणारी टकटक) लावून दोनदा वाजवा, आणि फाइलच्या नावात ट्यूनिंग, वेग आणि कोणता पिकअप होता तेवढं लिहून ठेवा.